छापलेलं एक, वाचलेलं एक

मी वाचनखूण बोलतेय. घरात मला या भारदस्त नावाने कुणी हाक मारत नाही, नुसतं 'पट्टी' म्हणतात. तुमच्या हातात आत्ता एखादी नवी भयकादंबरी असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. भुतांच्या, खुनांच्या आणि जादूच्या राज्यांच्या ज्या कादंबऱ्या हल्ली धडाधड छापून येतात, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते गोड करून सांगायचा माझा विचार नाही. तुम्ही ही पुस्तकं वाचता आणि मिटून टाकता. मी त्यांच्या पोटात राहिले आहे.

माझा जन्म एका लग्नपत्रिकेतून झाला. पंचशीलेच्या लग्नात तिच्या वडलांनी, नागोरावांनी, हौसेने गरजेपेक्षा फार जास्त पत्रिका छापून घेतल्या. परभणीकडचे झाडून सगळे नातेवाईक भाईंदरला येतील असं त्यांना वाटलं होतं. उरलेला गठ्ठा कपाटावर पडून राहिला. चांगला कागद वाया गेलेला पंचशीलेच्या आईला, वैजयंताबाईंना, बघवत नाही. त्यांनी बुद्धांची प्रतिमा असलेली पानं नीट वेगळी काढून ठेवली आणि मागच्या जाड निळ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. एकीला भोक पाडून लोकरीचा दोरा ओवला. ती मी. माझ्या अंगावर 'स्थळ' हा शब्द आणि हॉलच्या पत्त्यातलं 'गोडदेव नाक्याजवळ' एवढंच उरलंय. त्यामुळे खून लंडनमध्ये झाला तरी माझ्यापुरतं स्थळ गोडदेव नाक्याजवळच असतं.

वैजयंताबाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या, नागोराव टेलिफोन खात्यात. दोघं निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि नागोरावांना काचबिंदू झाला. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. आता त्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं.

हा माणूस जेवताना ताटाशेजारी पुस्तक ठेवणारा. डोळे गेल्यावर काही दिवस ते नुसते बसून राहायचे, आणि बसून राहिलेल्या नवऱ्याची बाईंना भीती वाटायला लागली. पंचशीलेने फोनवर बोलकी पुस्तकं घालून दिली होती. नागोरावांनी एक ऐकलं आणि म्हणाले, ती वाचणारी बाई कुणासाठी वाचतेय तेच कळत नाही. मग बाईंनी दुपारचं जेवण झालं की स्वतःच वाचून दाखवायला सुरुवात केली.

त्यांची वाचायची पद्धत शाळेतली. ओळीखाली मला आडवं धरायचं, ओळ संपली की खाली सरकवायचं. म्हणजे या घरात वाचलेली प्रत्येक ओळ मी पाहिली आहे आणि प्रत्येक ओळ ऐकलीही आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या दोन्हींत पुढे फरक पडत गेला.

नागोरावांना हवी असायची ती भुतं, नाहीतर खून, नाहीतर जादू. मला आधी नवल वाटलं. या घरात देव नाही, ताईत नाही, लिंबू-मिरची नाही. एकदा त्यांच्या मित्राने, बाबुरावांनी, त्यांना हे विचारलं. नागोराव म्हणाले, भूत नसतं हे पक्कं ठाऊक असलं की भुताच्या गोष्टीत खरी मजा येते, ज्यांना ते असतं असं वाटतं ते बिचारे घाबरण्यातच दमून जातात.

पुस्तकं यायची ती फरसाणच्या दुकानावरच्या छोट्या वाचनालयातून. ते मृणालिनीताई चालवतात. पुस्तक परत करताना तिथल्या टेबलाशी उभं राहून मत सांगायचं अशी तिथे पद्धत आहे, आणि वैजयंताबाईंच्या मताला मृणालिनीताई जरा टरकूनच असायच्या. बाईंनी मुलांच्या निबंधांवर आयुष्यभर लाल पेन चालवलंय, ते निवृत्त झालं नव्हतं.

बाईंचं म्हणणं असं की, हल्लीच्या भयकथेत भीती नसते, नुसती घाई असते. गाडी बंद पडते ती घोडबंदर रस्त्यावर वरसाव्याच्या पुढेच, फोनची रेंज जाते, आणि पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवते. इतक्या वर्षांत त्या बाईला कुणी दुसरी साडी घेऊन दिली नाही. प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपतं आणि पुढच्या प्रकरणात ती मांजर असते. लेखकाला घाबरवता येत नाही म्हणून तो दचकवतो, आणि दचकवायला तर कुकरची शिट्टीसुद्धा पुरते.

खुनाच्या कादंबऱ्यांवर त्या जास्त चिडायच्या. इन्स्पेक्टरची बायको वारलेलीच असते, तो दारू पितोच, आणि खुनी प्रेताशेजारी संस्कृत श्लोक लिहून जातो. शेवटी जो पकडला जातो तो आधी कुठे आलेलाच नसतो. मग तो हातकड्या घालून घेण्याआधी आपलं लहानपण सांगत बसतो आणि सगळं पोलीस खातं उभं राहून ऐकतं. बाई म्हणायच्या, माझ्या वर्गातल्या पोरांनी गृहपाठ का केला नाही याची कारणं यापेक्षा बरी रचली होती.

आणि ती जादूची राज्यं. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर वंशावळ. एक अनाथ मुलगा असतो, तो सगळ्यांना वाचवणार असं भविष्य असतं, आणि चारशे पानं फिरून तो शेवटी राजाचाच मुलगा निघतो. याबद्दल बाई एकदा मृणालिनीताईंना जे म्हणाल्या ते मला पाठ आहे. "सात राज्यं आहेत, चौदा जमाती आहेत, उडणारे घोडे आहेत. पण त्या घोड्यांची लीद कोण काढतं ते एका पानावर नाही. आणि गादीवर बसायला शेवटी राजाचंच रक्त लागतं. ही कसली नवी दुनिया? ही तर आमच्या गावातलीच आहे, फक्त घोड्यांना पंख लावलेत."

माझं मत याहून वेगळं नाही. फक्त मी अशा पुस्तकात दुपारपासून दुपारपर्यंत पडून असते, त्यामुळे माझा राग जास्त मुरलेला आहे.

बदल सुरू झाला तो एका खुनाच्या कादंबरीपासून. त्यात एका इमारतीत एक निवृत्त आंधळा माणूस मरतो. बाई शेवटाला आल्या. मी ओळीखाली होते. छापलेलं असं होतं की, खून त्याच्या बायकोने केला. त्याला भरवून, धरून नेऊन, वाचून दाखवून ती थकली होती. लेखकाने ते मोठ्या चवीने लिहिलं होतं, उशी कशी धरली ते सुद्धा.

बाई थांबल्या. खुर्चीत नागोराव मान पुढे करून बसले होते. त्यांनी विचारलं, कोणी मारलं? बाईंनी मला आहे तिथेच धरून ठेवलं, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बिल्डरनं."

मग त्यांनी पुनर्विकासाची फाईल, सही न करणारा म्हातारा आणि जिन्यातला काढून ठेवलेला दिवा असं सगळं तिथल्या तिथे रचलं. मी इतकी वर्षं त्यांच्या हातात आहे, पण त्यांना असं काही येतं हे मला माहीत नव्हतं. नागोराव इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, आता कुठं लिहायला लागली ही पोरं.

त्यानंतर बाईंना थांबवणारं कोणी नव्हतं. भयकथेतल्या बाईला हिरवी साडी मिळाली. जादूच्या राज्यात गादीवर बसला तो महालात झाडू मारणाऱ्या बाईचा मुलगा, आणि बसल्याबसल्या त्याने आधी आईला खुर्ची दिली. छापील ओळ माझ्या डोक्यावर असायची आणि बाईंच्या तोंडून भलतंच काही बाहेर पडत असायचं. मला त्याचा आनंद व्हायचा. त्या रद्दी ओळींना कुणीतरी तोंडावर पाडतंय असं वाटायचं.

पण नागोराव हे सगळं स्वतःपाशी ठेवणारे नव्हते. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर ते बाबुरावांबरोबर बसत. बाबुराव मूळ गोडदेवचेच, त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती. नागोरावांनी त्या खुनाच्या कादंबरीचं इतकं कौतुक केलं की बाबुरावांनी ती मृणालिनीताईंकडून आणून वाचली, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी येऊन तक्रार केली. "नागोराव, तुमी सांगला तसा यान काय न्हाय. यान बिल्डर हायच न्हाय."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. नागोराव मात्र मोठ्याने हसले आणि म्हणाले की, बाबुराव, तुम्ही वाचता वाचता झोपला असाल. बाबुराव बिचारे दुपारी झोपतातच. त्यांना ते पटलं.

मग आली 'खाजणवाट'. कुलदीप नावाच्या, मीरा रोडला राहणाऱ्या तरुणाची ही कादंबरी. तो मालिकांच्या कथा लिहितो आणि ही त्याची पहिलीच कादंबरी. पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्याचा दाढीतला फोटो होता आणि 'झोप उडवणारी' असं छापलं होतं. भाईंदरच्या खाजणाकडेचं, खाडीच्या दलदलीलगतचं एक कल्पित गाव, त्या गावाबाहेर झोपडीत राहणारी एक बाई, गावात मुलं आजारी पडतात, गाव तिला चेटकीण ठरवून मारतं, आणि ती भूत होऊन परत येते.

बाई पहिल्याच प्रकरणात थबकल्या. मी ज्या ओळीखाली होते ती ओळ त्यांनी वाचलीच नाही. त्यानंतर पानांमागून पानं त्यांनी गाळली, आणि जे वाचलं त्यातलं बहुतेक त्यांचं स्वतःचं होतं. छापलेल्या शेवटात गावातला पाटलाचा मुलगा आणि एक मांत्रिक मिळून त्या बाईला चिंचेच्या झाडाला खिळे ठोकून बांधून टाकतात आणि गाव सुखी होतं. बाईंनी वाचलेल्या शेवटात तसं काही झालं नाही.  तो शेवट ऐकल्यावर नागोरावांनी बाईंना दुसरं पुस्तक लगेच उघडू दिलं नाही.

याच सुमाराला वाचनालयाचा वर्धापनदिन आला. मृणालिनीताईंनी कुलदीपला बोलावलं आणि वाचकांनी उठून आपली मतं सांगावीत असं ठरवलं. त्यांनी फोन केला तो वैजयंताबाईंना, पण उचलला नागोरावांनी. ते तिथल्या तिथे हो म्हणाले. मी बोलणार, असं त्यांनी बाईंना सांगितलं, त्या पोराला समोरासमोर सांगायचंय.

आता खरी पंचाईत झाली. हा माणूस भरल्या सभेत उठणार आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टीची स्तुती करणार. बाईंना ते कळत होतं. त्यांनी जमेल ते करून पाहिलं. ऊन फार आहे म्हणाल्या, हॉलला जिना आहे म्हणाल्या, लेखक येणार नाही असं ऐकलंय म्हणाल्या. नागोरावांनी पांढरा शर्ट इस्त्रीला द्यायला सांगितला. कणीक मळताना बाई तोंडातल्या तोंडात एक वाक्य जुळवत होत्या, 'अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय.' ते त्यांनी कणकेला कितीदा तरी सांगितलं. नागोरावांना सांगायला ते बाहेर पडलं नाही, रिक्षातही नाही.

मी बाईंच्या मांडीवरच्या पुस्तकात होते, त्यामुळे हॉलमध्ये काय झालं ते मला नीट ठाऊक आहे. कुलदीप आधी बोलला. भीती म्हणजे काय, बाजार म्हणजे काय, परदेशात काय चाललंय, असं बरंच. मग मृणालिनीताईंनी नागोरावांचं नाव घेतलं. बाबुरावांनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं. नागोरावांनी आवाज आला त्या दिशेला हात जोडले.

"कुलदीप, मी डोळ्यांनी अधू माणूस. हिनं मला वाचून दाखवलं. पण तुमचा शेवट ऐकला आणि मला दुसरं काही ऐकावंसं वाटंना. त्या बाईला गावानं मारलं. ती परत आली आणि चावडीवर जाऊन बसली. कुणाच्या अंगात आली नाही, कुणाचं रक्त पिली नाही. समोरून जाणाऱ्या एकेकाला फक्त नाव विचारलं. आणि शेवटी एस.टी.त बसून लेकीकडं निघून गेली. भुताला लेक असती, तिला लेकीची याद येती, हे आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहिलं. तुमचे लई उपकार आहेत."

बाईंनी उठून पुढे जाऊन त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं होतं. नागोरावांना वाटलं, वेळ संपली म्हणून ओढतेय. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. एकजण म्हणाला, काकांनी दुसरंच पुस्तक वाचलंय.

कुलदीपने माईक घेतला. तो हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. "काका, थँक यू. पण अ‍ॅक्च्युअली, माझ्या पुस्तकात असं काहीच नाहीये. तिला शेवटी चिंचेला खिळतात. ती परत येऊ नये म्हणून."

नागोरावांचे जोडलेले हात तसेच होते. त्यांनी मान वळवली आणि हळूच विचारलं, "वैजयंता?"

"ते बरोबर सांगताहेत," बाई म्हणाल्या.

नागोरावांनी हात खाली घेतले. बाबुराव त्यांना जागेवर आणून बसवायला आले, तर ते म्हणाले, मला बाहेर न्या.

घरी आल्यावर त्यांनी शर्टही बदलला नाही. खुर्चीत बसून एकेक पुस्तक आठवून विचारायला लागले.

"तो बिल्डर?"

"नव्हता."

"झाडूवालीचा पोरगा?"

"राजाचा होता."

"हिरवी साडी?"

"पांढरीच," बाई म्हणाल्या. नागोराव म्हणाले, म्हणजे बाबुराव झोपले नव्हते. त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं.

मला त्यांचा राग आला होता. बाईंनी काय चोरी केली होती? शिळी भाजी टाकून ताजी वाढली एवढंच. पंचशीलेचा फोन आला तेव्हा बाई तिच्याशी गॅलरीत जाऊन बोलल्या. त्यांचा आवाज चढला होता. त्या पुस्तकात काय लिहिलंय ते तू वाच एकदा, असं त्या म्हणत होत्या, आणि मग सांग मला, ते मी तुझ्या बाबांना माझ्या तोंडाने वाचून दाखवू का? हे बोलताना त्या रडत होत्या.

दुपारी आता रेडिओ लागायचा. नागोराव जेवायचे, ताट सरकवायचे, रेडिओ लावायचे. मी 'खाजणवाट'च्या सुरुवातीच्या पानांत टीव्हीशेजारी पडून होते. पुस्तकाची मुदत टळून गेली, मृणालिनीताईंचा निरोप आला, तरी बाईंनी ते परत केलं नाही. त्या घरात तेव्हा जी शांतता होती, तिच्यापुढे या कुलदीपच्या सगळ्या किंकाळ्या फिक्या होत्या.

मग एका दुपारी नागोरावांनी रेडिओ लावलाच नाही. म्हणाले, "आण ते पुस्तक. आहे तसं वाच. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर मला कळंल आता."

बाईंनी पुस्तक आणलं. मला ओळीखाली धरलं. त्या वाचायला लागल्या. आवाजात चढउतार नव्हता, हजेरी घ्यावी तसं वाचत होत्या. आणि ती ओळ आली. त्या अडखळल्या, पण वाचली. 'ती गावकुसाबाहेरची. तिच्या पदराला मेल्या ढोरांचा वास यायचा. तो वास ज्या घरावरून जाई, त्या घरातलं पोर तापाने फणफणे.'

"परत वाच," नागोराव म्हणाले.

बाईंनी परत वाचली.

नागोरावांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "हा वास मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आमच्या मायच्या पदराला यायचा. गावात ढोर मेलं की तिलाच ओढायला बोलवायचे, आणि परत तिलाच नाक मुरडायचे. मी त्याच पदराखाली झोपायचो. मला कधी ताप आला नाही."

बाई म्हणाल्या, म्हणूनच नव्हतं वाचलं. तुम्हाला लागेल म्हणून.

"लागू दे की. जन्मभर लागलंच ना? पण तेव्हा कुणी बोललं तर मला ऐकू यायचं. मी उलटून बोलायचो, भांडायचो. तू मला ऐकूच दिलं नाहीस. तो माझा राग होता, वैजयंता. तू मला न विचारता टाकून दिलास. आणि ज्यानं हे लिहिलं, त्याच्यापुढं मी भरल्या सभेत हात जोडून उभा राहिलो."

बाईंच्या हातून मी खाली पडले. जमिनीवरून मला त्या दोघांचे फक्त पाय दिसत होते. चुकलं माझं, असं बाई म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या, त्यांना उगाच बोलायची सवय नाही. नागोराव म्हणाले, पट्टी पडली वाटतं, उचल आणि पुढं वाच.

त्यांनी ती कादंबरी शेवटपर्यंत ऐकली. रोज दुपारी, जशी होती तशी. मांत्रिकाचे मंत्र ऐकले, पाटलाच्या मुलाचं शौर्य ऐकलं, झाडात ठोकलेला प्रत्येक खिळा ऐकला. त्या बाईला पुस्तकभर नाव नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं. बाईंनी पानं मागेपुढे चाळून पाहिली. नव्हतंच.

पुस्तक संपल्यावर त्यांनी मृणालिनीताईंकडून कुलदीपचा नंबर मागवला. बाईंनी तो लावून फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या हातात त्यांना काहीतरी धरायला हवं होतं, त्यांनी मला धरलं.

"कुलदीप, मी नागोराव. त्या दिवशीचा आंधळा," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकाचं मी जे कौतुक केलं, ते माझ्या बायकोच्या गोष्टीचं होतं. ते मी तिला दिलं. तुमच्यासाठी माझ्याकडं वेगळं मत आहे. आता ऐकायला वेळ आहे का?"

फोन मोठ्या आवाजावर होता. कुलदीप म्हणाला, बोला ना काका. मग नागोराव बोलले. त्या बाईला नाव का दिलं नाही, इथून सुरुवात केली. तिच्या अंगाला तो वास कुणाच्या कामामुळे यायचा हे लिहिलं का नाही, असं विचारलं. गावातल्या विहिरीचं पाणी कसं होतं ते न बघता पोरांच्या तापाचं खापर गावाने तिच्यावर फोडलं, आणि लेखकानेही शेवटपर्यंत तेच खरं धरलं. गावानं तिला मारलं ते एकदा, तुम्ही चिंचेला खिळून दुसऱ्यांदा मारलं, असं म्हणताना त्यांचा आवाज इतका चढला की खालच्या बाकावरून बाबुरावांनी मान वर केली असेल. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं असं पाहिलंच नव्हतं.

 शेवटी पलीकडून कुलदीप म्हणाला, "काका, पण ते फिक्शन आहे."

"भूत फिक्शन आहे," नागोराव म्हणाले. "वास नाही."

पुढे बोलताना ते एका जागी अडले, शब्द सापडेना. शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच एक सुचवला. त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "राहू दे. हे माझं मी बोलतो."

ते बोलणं बराच वेळ चाललं. कुलदीपने फोन ठेवला नाही, एवढं मात्र खरं. त्याला पटलं की नाही ते मला माहीत नाही आणि त्याची मला फिकीरही नाही. नागोरावांच्या मुठीत माझी पार घडी झाली. माझ्या निळ्या अंगावर मधोमध पांढरी चीर पडलीय, लोकरीचा दोरा निघून गेलाय. बाईंनी दुसरी पट्टी कापायचं म्हटलं, तर नागोराव म्हणाले, हीच चालू दे.

आता दुपारी पुन्हा वाचन होतं. बाई जे छापलंय तेच वाचतात. दातओठ खातात, पण वाचतात. मधेच नागोराव म्हणतात, थांब, आणि मग दोघं मिळून त्या पुस्तकाची जी चिरफाड करतात ती ऐकण्यासारखी असते. पुष्कळदा त्यांचं एकमेकांशी पटत नाही. बाईंना जे भिकार वाटतं त्यातलं काही त्यांना आवडतं, आणि तसं ते ठणकावून सांगतात. कधी कधी पुस्तक मिटल्यावर नागोराव म्हणतात, आता तुझा शेवट सांग. तेव्हा मी मिटलेल्या पुस्तकात असते, बाईंचे हात रिकामे असतात आणि त्या खिडकीकडे बघत सांगतात.

मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. घडीवर कागद सुटत आलाय. जायच्या आधी एवढंच मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे नाही, भुतं आणि खून आणि जादूची राज्यं लिहिणाऱ्यांकडे आहे. लिहा, खुशाल लिहा. फक्त एक ध्यानात ठेवा. भाईंदर पूर्वेला एक माणूस रोज दुपारी तुमची ओळ न् ओळ ऐकतोय, कुणी काही गाळत नाहीये. आणि नंबर मागितला की मृणालिनीताई देतात.